लाँग गन पोस्टानं पाठवायची? आधी ठरवा, पार्सल उघडणार कोण

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, काही चुकलं असेल तर कळेल. तुम्ही ओहायोत राहता, अमेरिकन सिटिझन आहात, घरी दोन बोल्ट-अ‍ॅक्शन हंटिंग रायफली आहेत. एक रायफल पेनसिल्व्हेनियातल्या मित्राला विकायचीय, तो एच-वन-बीवर आहे, पैसे ठरलेत, आता नुसती बॉक्समध्ये घालून पोस्टानं त्याच्या घरी पाठवली तर चालेल का. आणि दुसरं, ऑक्टोबरात एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला कोलोरॅडोला जायचंय तर दुसरी रायफल विमानात न नेता पोस्टानं पुढे पाठवता येईल का.

पहिल्याचं उत्तर नाही, आणि हे नाही अगदी पक्कं आहे, तसं अजिबात करू नका. दुसऱ्याचं उत्तर हो, येते. आता का ते सांगते, थोडं लांबेल पण पूर्ण वाचा, कारण यात अर्धवट ऐकून केलेली चूक फेडरल गुन्हा ठरते.

आम्ही नवरा-बायको पेनसिल्व्हेनियात छोटं गन शॉप चालवतो, रिपेअरिंग नवऱ्याकडे आणि येणारी-जाणारी पार्सलं, रजिस्टर, फॉर्म हे सगळं १३ वर्षं माझ्याकडे. म्हणजे तुमच्यासारख्यांनी पाठवलेले बॉक्स दुसऱ्या टोकाला उघडणारी मी, त्यामुळे काय काय चुकतं ते रोज बघते.

लोक सुरुवात बॉक्स, टेप, पोस्टेज इथून करतात. माझं म्हणणं आहे की बॉक्स सगळ्यात शेवटी, आधी एकच गोष्ट ठरवा, ते पार्सल उघडणार कोण आणि तो माणूस कुठल्या स्टेटचा रहिवासी आहे. ते ठरलं की बाकी नियम आपोआप लागत जातात. तुमच्याकडे डीलरचं लायसन्स नाही, साधे नागरिक आहात, मग उघडणारा तुमच्याच स्टेटचा रहिवासी असेल आणि त्याला बंदूक बाळगायला कायद्यानं मनाई नसेल तर फेडरल कायदा आणि पोस्ट दोघांच्या नियमात थेट पाठवता येते. उघडणारा दुसऱ्या स्टेटचा असेल तर त्याच्या घरी नाही, तिथल्या लायसन्सवाल्या डीलरकडेच, ज्याला आपण सगळे एफएफएल म्हणतो. आणि उघडणारे तुम्ही स्वतःच असाल तर त्याचा वेगळा नियम आहे, तो कोलोरॅडोच्या वेळी सांगते.

त्यातही तुमच्याच स्टेटमध्ये थेट पाठवता येतं ही सवलत सगळीकडे नाही. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, वॉशिंग्टन, कोलोरॅडो अशा स्टेट्समध्ये दोन खाजगी माणसांतला व्यवहारसुद्धा डीलरमार्फतच करावा लागतो, तिथे पोस्टाचा नियम काहीही म्हणो, स्टेटचा कायदा वर बसतो. न्यू जर्सीत आपली मंडळी भरपूर आहेत म्हणून मुद्दाम सांगतेय, तिथे लाँग गन, म्हणजे रायफल किंवा शॉटगन, घ्यायला आधी पोलिसांकडून मिळणारं फायरआर्म्स आयडी कार्डसुद्धा लागतं.

हा दुसऱ्या स्टेटचा नियम इतका कडक का, तर त्याला इतिहास आहे. पूर्वी इथे मासिकातलं कूपन कापून पैसे पाठवले की रायफल पोस्टानं घरी यायची. मार्च १९६३ मध्ये ली हार्वी ऑस्वाल्डनं, ज्यानं पुढे अध्यक्ष केनेडींना मारलं त्यानं, शिकागोच्या क्लाइन्स स्पोर्टिंग गुड्सकडून कार्कानो रायफल अशीच मागवली, ए. हायडेल या खोट्या नावानं, डॅलसच्या पोस्ट बॉक्सवर, २१ डॉलर ४५ सेंटमध्ये. केनेडींच्या हत्येनंतर पाच वर्षं चर्चा झाली, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या आणि मग १९६८ चा गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला. दुसऱ्या स्टेटमधल्या खाजगी माणसाला बंदूक पोचवायची नाही, मध्ये लायसन्सवाला हवाच, हे तेव्हापासून आहे. तुम्ही स्वतः गाडीनं जाऊन मित्राच्या हातात दिलीत तरी गुन्हा तोच, पोस्ट फक्त निमित्त. जाणूनबुजून केलं तर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता तुमच्या मित्राचं. हे मी जरा ठासून सांगणार आहे कारण आपल्या लोकांत याबद्दल भयंकर गैरसमज आहेत. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर, हे सगळे नॉन-इमिग्रंट व्हिसा, आणि नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला या देशात बंदूक किंवा काडतूस बाळगायला फेडरल कायद्यानं मनाई आहे. विकत घ्यायलाच नव्हे, बाळगायला. वीकेंडला मित्रांबरोबर शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची रायफल हातात घेतली तरी ते बाळगणंच झालं, आणि त्याचे फोटो लोक हौसेनं सगळीकडे टाकतात, मला ते बघून पोटात गोळा येतो, कारण ज्यांची ग्रीन कार्डाची रांग दहा-दहा वर्षांची आहे त्यांनी एका दुपारसाठी केवढी जोखीम घेतलेली असते. ग्रीन कार्ड मिळालं की ही मनाई उरत नाही.

याला काही अपवाद आहेत आणि त्यातला आपल्या कामाचा एकच, कुठल्याही स्टेटचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. चालू असलेलं हा शब्द महत्त्वाचा. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं, तेव्हा मित्रानं एप्रिलमध्ये लायसन्स काढून रायफल घेतली तर ३० जूनला ते संपतं, आणि त्यानं नवीन काढलं नाही तर १ जुलैला कपाटातली रायफल पुन्हा बेकायदा होते. दरवर्षी न चुकता काढत राहावं लागतं. आणि ही जबाबदारी त्याच्या एकट्याची नाही, समोरचा माणूस या मनाईत बसतो हे माहीत असताना विकणं हा विकणाऱ्याचा पण गुन्हा आहे, आणि तुम्हाला तर त्याचा व्हिसा माहीत आहे, तुम्हीच लिहिलंय. त्यामुळे आधी त्याला हंटिंग लायसन्सचं विचारा. नसेल तर व्यवहार थांबवा. असेल तरी त्यानं एकदा आपल्या इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्यावं असं मी माझ्या प्रत्येक व्हिसावाल्या गिऱ्हाइकाला सांगते, विक्री गेली तरी चालेल.

समजा लायसन्स आहे. मग मित्रानं त्याच्या गावातला एक डीलर गाठायचा आणि तुम्ही बॉक्सला हात लावायच्या आधी त्या डीलरला फोन करायचा, दोन गोष्टी विचारायच्या, खाजगी माणसाकडून आलेलं पार्सल तुम्ही घेता का, आणि तुमच्या लायसन्सची कॉपी पाठवाल का. काही दुकानं फक्त डीलरकडून आलेलंच घेतात, खाजगी माणसाचं परत पाठवतात, आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च तुमच्या डोक्यावर. कॉपी आली की एटीएफ, म्हणजे बंदुकांचं काम बघणारं फेडरल खातं, त्यांच्या वेबसाइटवर ईझी चेक नावाचं पान आहे तिथे लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की लायसन्स खरं आहे का, चालू आहे का, आणि पत्ता काय ते दिसतं. पार्सल त्याच पत्त्यावर पाठवा. कोणी म्हणालं की डीलर माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या घरच्या पत्त्यावर टाक, तर नाही म्हणा.

बॉक्सच्या आत एक कागद ठेवायचा, तुमचं पूर्ण नाव, पत्ता, फोन, ड्रायव्हिंग लायसन्सची कॉपी, आणि रायफल कोणासाठी आहे त्याचं नाव-फोन. कृपा करून हा कागद विसरू नका. आम्हाला आलेली प्रत्येक बंदूक कोणाकडून आली ते नाव-पत्त्यासकट पुढच्या कामाच्या दिवसाच्या शेवटापर्यंत रजिस्टरमध्ये चढवावी लागते, आणि महिन्यातून एकदा तरी माझ्याकडे असं पार्सल येतं की आत नुसती रायफल, ना चिठ्ठी ना नंबर, बाहेर रिटर्न अ‍ॅड्रेसवर अर्धंच नाव. मग मी दोन-दोन दिवस शोध घेत बसते आणि घेणारा रोज फोन करून विचारतो की माझी बंदूक आली का. मग मित्र दुकानात येईल, फॉर्म ४४७३ भरेल, त्यात व्हिसाचा प्रश्न स्पष्ट विचारलेला आहे, हंटिंग लायसन्स आणि आय-९४ चा, म्हणजे अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीचा, नंबर दाखवावा लागेल, पेनसिल्व्हेनियात बॅकग्राउंड चेक स्टेट पोलिसांच्या पिक्स सिस्टीमवरून होतो, तो पास झाला की रायफल त्याची. ट्रान्सफर फी दुकानाप्रमाणे बदलते, ती कोण देणार हे आधी बोलून घ्या.

आता पोस्टाचं स्वतःचं. पोस्टाचा नियम त्यांच्या पब्लिकेशन ५२ मध्ये कलम ४३२ खाली आहे. खाजगी माणसासाठी पोस्ट महत्त्वाचं अशासाठी की यूपीएस आणि फेडएक्स आता बंदुका फक्त लायसन्सवाल्यांकडून घेतात, तेही त्यांच्याशी वेगळा करार असेल तर. म्हणजे तुमच्यासारख्याला स्वतः पाठवायचं तर पोस्ट, नाहीतर ओहायोतल्या एखाद्या डीलरला पैसे देऊन त्याच्याकडून पाठवून घ्यायचं. दुसरा मार्ग महाग पडतो पण पहिल्यांदाच करत असाल तर वाईट नाही.

पोस्टाच्या भाषेत लाँग गन म्हणजे रायफल आणि शॉटगन, पण कापून आखूड केलेली नाही. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा कमी, शॉटगनची १८ पेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ च्या आत असेल तर ती लपवता येण्याजोग्या हत्यारात धरतात आणि हे सगळं लिहिलेलं तिला लागू नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं प्रकरण १९२७ च्या कायद्यापासून वेगळं चालतं, त्यावर सध्या वादही चालू आहेत, तेव्हा हे वाचून कोणी पिस्तूल बॉक्समध्ये घालू नये. ठासणीची बंदूक, म्हणजे नळीतून दारू ठासायची जुन्या पद्धतीची, ती फेडरल कायद्यात अँटिक धरली जाते आणि तिचे नियम सैल आहेत, पण तिची दारू पोस्टानं कधीच नाही.

दारूवरून आठवलं, काडतूस पोस्टात अजिबात चालत नाही. एकसुद्धा नाही. चेंबर, म्हणजे नळीच्या मागची काडतुसाची जागा, बघा, मॅगझिन काढा, मग केसचे खिसे बघा, स्लिंगवरचे, म्हणजे खांद्याच्या पट्ट्यावरचे, काडतुसाचे लूप बघा, दस्त्यावर चढवलेलं कव्हर असतं ना ज्यात चार-पाच राउंड खोचलेले असतात ते बघा. माझ्याकडे आलेल्या एका शॉटगनच्या केसच्या बाजूच्या खिशात दोन बारा बोअरची काडतुसं होती, पाठवणारा सज्जन माणूस, त्याला आठवतच नव्हतं की मागच्या सीझनला तिथे ठेवलीत. त्याला मी फोनवर बराच वेळ समजावलं, नंतर तो स्वतःच घाबरला.

पॅकिंग असं करा. बोल्ट, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग, काढा, बबल रॅपमध्ये गुंडाळून त्याच बॉक्समध्ये वेगळा ठेवा, म्हणजे पोस्टात कोणी उघडून दाखवा म्हटलं तर एका नजरेत कळतं की ही चालणार नाही. चेंबर फ्लॅग, म्हणजे चेंबर रिकामा आहे हे दाखवणारी प्लॅस्टिकची पट्टी, असेल तर घाला. स्कोपमध्ये, म्हणजे नेमाच्या दुर्बिणीत, उजेडाची सोय असेल तर त्यातली चपटी लिथियम बॅटरी काढून घरी ठेवा, कारण काउंटरवर लिथियम बॅटरीबद्दल विचारतात आणि उगाच गुंता होतो. रायफल स्वस्तातल्या प्लॅस्टिक हार्ड केसमध्ये, आणि ती केस पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये. नुसती केस पाठवू नका, बघणाऱ्याला आत काय आहे ते ओरडून सांगते ती. पार्सलमध्ये बंदूक आडवी-उभी आपटत नाही, लांबीच्या दिशेनं पुढे-मागे सरकते, तेव्हा तोंडाच्या आणि दस्त्याच्या टोकाला दुहेरी-तिहेरी पुठ्ठा आणि घट्ट फोम हवा. नळी बॉक्स फोडून बाहेर आलेली मी पाहिलीय, आणि दस्ता मनगटापाशी, म्हणजे चापाच्या मागे जिथे लाकूड बारीक होतं तिथे, तुटलेला तर किती वेळा. एका म्हाताऱ्या गृहस्थांची वडिलांकडून आलेली अक्रोडाच्या दस्त्याची रायफल अशी दोन तुकडे होऊन आली, नवऱ्यानं ती जोडली, पण जोड तो जोडच.

बॉक्सवर बाहेर आत काय आहे याचा कुठलाही मागमूस नको. ना बंदूक कंपनीचं नाव, ना स्टिकर, ना पत्त्यात गन्स हा शब्द. दुकानाचं नावच तसं असेल तर डीलरला विचारा, बरेच जण पार्सलासाठी साधं आद्याक्षरांचं नाव देतात, आम्हीही देतो.

माप आधी घ्या. प्रायॉरिटी मेलला लांबी अधिक घेर मिळून १०८ इंचांची मर्यादा आहे, वजन ७० पौंड. ५२ बाय १० बाय ४ चा बॉक्स धरला तर घेर २८, लांबी मिळवून ८०, आरामात बसतो. पण लांबी ३० इंचांपुढे गेली की जादा चार्ज लागतो, आणि आकार एका घनफुटापेक्षा मोठा झाला की वजन आकारावरून काढतात, हा बॉक्स २०८० घनइंच होतो, भागिले १६६, म्हणजे आत ९ पौंडाची रायफल असली तरी पैसे १३ पौंडांचे. म्हणून उगाच मोठा बॉक्स घेऊ नका.

सर्व्हिस अशी घ्या की ट्रॅकिंग आणि डिलिव्हरीला सही दोन्ही असेल. पोस्ट स्वतः लाँग गनसाठी रजिस्टर्ड मेलची शिफारस करतं आणि किमती किंवा आठवणीतली बंदूक असेल तर मीही तेच सांगते, प्रत्येक हाताला सही होते, कुलपात राहते, हळू जाते पण हरवत नाही. फक्त रजिस्टर्डला चकचकीत प्लॅस्टिक टेप चालत नाही, ब्राउन कागदी टेप लावावी लागते, कारण प्रत्येक जोडावर शिक्का मारतात आणि शाई कागदावरच धरते. लोक चकचकीत टेप लावून येतात आणि परत घरी जातात. रजिस्टर्ड करायचं नसेल तर प्रायॉरिटी, सही आणि पूर्ण किमतीचा इन्शुरन्स, फुकटात मिळणारा १०० डॉलरचा इन्शुरन्स रायफलला पुरत नाही. सोमवारी टाका, शुक्रवारी नाही, म्हणजे वीकेंडला कुठल्या गोडाऊनमध्ये पडून राहत नाही आणि दुकान उघडं असताना पोचतं.

काउंटरवर शांत राहा. पूर्ण पॅक करून न्या, उघडी केस घेऊन पोस्टात शिरू नका, आणि तुमच्याकडे कमरेला लावायची पिस्तूल असेल तर ती घरी, पोस्टाच्या आवारात अंगावर हत्यार नको असा त्यांचा नियम आहे. क्लार्कनं विचारलं तर हळू आवाजात खरं सांगा, अनलोडेड रायफल आहे, अमुक डीलरला चाललीय. बंदूक रिकामी आहे हे लिहून द्या किंवा उघडून दाखवा असं म्हणायचा पोस्टाला हक्क आहे, द्या. खूप क्लार्कना हा नियम माहीत नसतो, बंदूक म्हटलं की सरळ नाही म्हणतात. तिथे आवाज चढवू नका, कलम ४३२ ची पानं प्रिंट काढून न्या, रायफल-शॉटगनच्या ओळीवर खूण करून, आणि पोस्टमास्तरांना बघायची विनंती करा. एका ऑफिसात मला तिसऱ्या दिवशी हो म्हणाले. कुठल्याही परिस्थितीत चिडून ‘मशीनचे पार्ट आहेत’ असं खोटं सांगून टाकू नका, आत्तापर्यंत सगळं कायदेशीर होतं आणि त्या एका वाक्यानं नसतं झंझट मागे लागेल.

कोलोरॅडोचं सोपं आहे. स्वतःची लाँग गन दुसऱ्या स्टेटमध्ये शिकारीसाठी स्वतःलाच पाठवता येते, दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावर. पत्त्यात पहिली ओळ तुमचं नाव, त्याखाली ‘इन द केअर ऑफ’ आणि मग आउटफिटरचं, म्हणजे शिकारीची सोय करणाऱ्याचं, किंवा केबिनवाल्याचं नाव, मग पत्ता. तो माणूस सही करून पार्सल घेऊ शकतो, पण उघडायचं फक्त तुम्ही. हे त्याला आधी फोनवर नीट सांगा, लोक मदत म्हणून उघडून रायफल कोपऱ्यात उभी करून ठेवतात, आणि मग ती तुमची नाही, त्याच्या ताब्यातली झाली. तुम्ही पोचायच्या चार-पाच दिवस आधी पोचेल अशी टाका. परत येताना तसंच, पत्त्यावर स्वतःचं नाव, उघडणारे तुम्ही. काडतुसं तिथेच घ्या. आणि पोचल्यावर शिकारीआधी दोन-चार राउंड कागदावर मारून स्कोपचा झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का, ते तपासा, प्रवासात हलतो, चुकीच्या झिरोनं जनावर जखमी होऊन पळालं तर ते दुःख आपल्यालाच छळत राहतं.

जाता जाता रिपेअरचं, हे तुम्ही विचारलं नाही पण लागेल. बंदूक बनवणाऱ्या कंपनीकडे किंवा लायसन्सवाल्या गनस्मिथकडे, मग तो कुठल्याही स्टेटचा असो, दुरुस्तीला पोस्टानं पाठवता येते आणि दुरुस्त झालेली ते थेट तुमच्या घरी परत पाठवू शकतात, मध्ये दुसरा डीलर लागत नाही. नुसता दस्ता, नळी, स्कोप असे सुटे भाग साध्या पार्सलनं जातात, पण रिसीव्हर, ज्यावर सिरियल नंबर असतो, तो एकटा असला तरी कायद्यानं पूर्ण बंदूकच. आणि दर दिवाळीच्या सुमारास मला कोणीतरी विचारतं की गावाकडच्या भावाला इथून एअरमेलनं एखादी पाठवता येईल का. नाही. इथून एक्स्पोर्टचे कायदे आणि तिकडे १९५९ चा आर्म्स अ‍ॅक्ट, ज्यात आयातीला स्वतंत्र लायसन्स लागतं, उगाच भावाला पोलीस स्टेशनच्या फेऱ्या घालायला लावाल.

पाठवण्याआधी सिरियल नंबर आणि बंदुकीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा, पॅकिंग करतानाचे पण. पावती जपा. ट्रॅकिंग अडकलं तर आधी ज्या ऑफिसातून टाकलंत तिथे जा, आणि खरंच हरवलं असं वाटलं तर लगेच सिरियल नंबर घेऊन पोलिसांत आणि पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे नोंद करा, उद्या ती कुठे सापडली तर कागदोपत्री तुमचं नाव मोकळं असायला हवं. इन्शुरन्सचा क्लेम टाकल्या तारखेपासून १५ दिवसांनंतर आणि ६० दिवसांच्या आत करायचा असतो, किमतीचा पुरावा लागतो.

मित्राकडे हंटिंग लायसन्स आहे की नाही ते कळलं की इथेच सांगा. पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा काढणाऱ्याला आधी हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो, त्यात थोडा वेळ जाईल, तोपर्यंत रायफल तुमच्याच सेफमध्ये असू द्या आणि ठरलेले पैसेही घेऊ नका.